मावशींचा गिचका भात

आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरातल्या मावशींचा भात म्हणजे दाणा न् दाणा मोकळा. त्याचा त्यांना भारी तोरा. कुणाकडे जेवून आल्या की आधी निकाल देणार, "बाकी सगळं ठीक, पण भात गिचका होता हो!"

अशा बाईकडे माझ्या आठवीच्या वर्गातली एक मुलगी गेली आणि म्हणाली, "मावशी, शुक्रवारी चिकट भात करून द्याल?" जपानमधल्या एका शाळेबरोबर आमचा उपक्रम होता. तिकडची मुलं पडद्यावर ओनिगिरी, म्हणजे भाताचे तिकोनी मुटके, वळून दाखवणार आणि इकडे आमच्या मुलांनी त्यांच्याबरोबर वळायचे.

"माझ्या हातून गिचका भात? आणि तोही चारचौघांत? नाव घालवायचंय का माझं?" मावशींनी झारा आपटला. पण मुलीचं तोंड एवढंसं झालं आणि मावशी विरघळल्या. मुलांपुढे त्यांचं काही चालत नाही.

बुधवारी करून पाहिला, मोकळाच झाला. सवयीनं हात तेलाच्या बाटलीकडे गेला होता. गुरुवारी पुन्हा तेच. मुटके हातातल्या हातात विस्कटले.

"मावशी, तुम्हाला बिघडवताच येत नाही," मुलगी रडवेली होऊन म्हणाली. कौतुक ऐकून इतकी कासावीस झालेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

मग त्यांनी भर उन्हात दुकानं पालथी घातली. सातव्या दुकानात आखूड, गोलसर दाण्याचा तांदूळ मिळाला. शुक्रवारी पाणी जास्त, झाकण घट्ट आणि तेल चक्क माझ्या कपाटात, कुलूपबंद. हात मिठाच्या पाण्यात बुडवून पहिला मुटका त्यांनी स्वतःच दाबला आणि डोळे मिटून ताटात ठेवला. तो जागचा हलला नाही. पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला.

खाऊन झाल्यावर पडद्यावरची मुलं हात जोडून एका सुरात काहीतरी म्हणाली. आमची मुलंही मावशींकडे वळून तेच ओरडली, "गोचिसोसामा!"

मावशींचा चेहरा पडला. "गोची सोसा? अरे, एवढी गोची केली का मी भाताची?"

हसून हसून माझी पुरेवाट झाली. मुलगी मात्र घाईघाईनं सांगू लागली, "नाही हो मावशी! जेवण करणाऱ्याचे आभार आहेत ते. त्या शब्दात धावपळ आहे म्हणे. आमच्या जेवणासाठी तुम्ही इकडेतिकडे पळालात ना, त्याबद्दल."

मावशींनी हात पुसता पुसता डोळेही पुसून घेतले.

"वीस वर्षं पळतेय मी," त्या म्हणाल्या, "त्याला शब्द आहे, हे आज कळलं."