पंख्यापाशी राहिलेलं कुंकू
आज दुरुस्तीला आलेला एक जुना लॅपटॉप उघडला, पंख्यापाशी लाल कण दिसले आणि देवासमधल्या माझ्या दुकानाचा पहिला दिवस आठवला. हत्यारं मी इंदूरहून निवडून आणली होती: हातात नीट बसणारे स्क्रूड्रायव्हर, मऊ केसांचे ब्रश, आणि दुकानदार वैतागेपर्यंत एकेक चालवून पाहून घेतलेला ब्लोअर. खंडेनवमीला आईनं ती पाटावर मांडून पुजली. ब्लोअरच्या तर थेट तोंडातच तिनं कुंकू घातलं, हे मला ठाऊकच नव्हतं. दसऱ्याला पहिलं गिऱ्हाईक आलं, पांढऱ्याशुभ्र शर्टातले एक मास्तर. त्यांचा धुळीनं भरलेला लॅपटॉप उघडून मी ऐटीत ब्लोअर सुरू केला, तर लाल ढगच उडाला! लॅपटॉप लाल, शर्ट लाल, मास्तरांच्या मिशाही लाल. पहिलंच गिऱ्हाईक गेलं, असं वाटून मी घाईनं ब्लोअर बंद केला. मास्तर शर्टाकडे बघत इथल्या माळवी हिंदीत म्हणाले, "अरे भिया, होली को तो अभी टाइम है!" आणि खो खो हसत सुटले. दारातून आई म्हणाली, "बघ, शकुन झाला!" आज मास्तरांच्या त्याच लॅपटॉपमधली सगळी धूळ काढली, तेवढ्या लाल कोपऱ्याला मात्र ब्रश लावला नाही.