राणेकाकूंची लाइन

संध्याकाळ झाली की राणेकाकू बिनफुलांची, बिनकाठाची निळी साडी नेसायच्या, केस घट्ट बांधायच्या, हॉलमधले सगळे दिवे लावायच्या आणि दार लोटून आत बसायच्या. आमचं दार त्यांच्या समोरच. मला आधी वाटायचं, कुठेतरी निघाल्या असतील. पण बाई घरातच! एरवी जिन्यातला दिवासुद्धा विझवत खाली उतरणारी ही बाई स्वतःच्या घरात लग्नघरासारखा उजेड करून बसते कशाला, हे कोडं मला बरेच दिवस सुटलं नव्हतं.

काकू चिकट होत्या. आता त्या नाहीत म्हणून मी ते लपवणार नाही, त्यांनाही ते आवडलं नसतं. कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवाल्याचा असा पिट्टा पाडायच्या, की तो बिचारा वर मूठभर मिरच्या टाकून सुटका करून घ्यायचा. मी हसले की म्हणायच्या, "अगं सविता, घासाघीस करावी ती भाजीत. बोलण्यात करू नये." मला वाटायचं, बाई उगीच काहीतरी म्हण ठोकून देते. त्याचा अर्थ सोसायटीच्या मीटिंगमध्ये कळला.

आमच्या गल्लीतल्या केबलवाल्याने इंटरनेटची स्कीम आणली होती. अख्ख्या बिल्डिंगने घेतलं तर भाव एकदम कमी, पण एक घर जरी सुटलं तरी सवलत रद्द. सगळे खूश. अडून बसल्या एकट्या राणेकाकू. त्यांच्याकडे दुसऱ्या कंपनीची चांगली महागडी लाइन होती आणि ती सोडायला त्या तयार नव्हत्या. मग काय, तोंडं सुटली. कोथिंबिरीला रडणाऱ्या बाईला हे थेर कसले, असंही कुणी मागून पुटपुटलं. सेक्रेटरींनी विचारलं, एकट्या माणसाला एवढं इंटरनेट लागतं कशाला, लेकीशी बोलायचं तर साधा फोन आहे की.

काकू उठून उभ्या राहिल्या. आवाज चढला नाही.

"फोनचा उपयोग नाही हो. माझी वैशाली जन्मापासून बहिरी आहे. आम्ही मायलेकी व्हिडिओवर हातांनी बोलतो. तुमचं चित्र अडकलं तरी तुम्हाला आवाज येत राहतो. आमचं अडकलं, की आम्ही दोघी मुक्या."

स्कीम बारगळली. त्यानंतर कुणी तो विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना काकूंनी पुढचं मला एकटीला सांगितलं. डोंबिवलीत यायच्या आधी त्या ठाण्याला, कोलशेतला राहायच्या. तिथे अशीच स्वस्तातली लाइन घेतली होती. संध्याकाळी सगळी माणसं घरी आली की ती धापा टाकायची. वैशाली सांगलीला दिलेली, जावईही तिच्यासारखाच. एकदा बोलता बोलता वैशालीने दोन्ही हातांचा पाळणा केला, म्हणजे बाळ, आणि चित्र तिथेच थांबलं. काकूंना वाटलं, पोरीला दिवस राहिले. त्या आनंदाने टाळ्या वाजवायला लागल्या. चित्र पुन्हा हललं तेव्हा समोर वैशाली रडत होती. राहिलेलं बाळ गेलं, हे ती सांगत होती.

"तिने माझ्या टाळ्या बघितल्या गं," काकू म्हणाल्या. एवढंच. मग कप विसळायला उठल्या.

पुढे मीही संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन टॅबसमोर बसू लागले. अंधुक उजेडात खुणा कळत नाहीत, म्हणून ते सगळे दिवे; नक्षीच्या साडीवर हात नीट दिसत नाहीत, म्हणून ती निळी साडी. मला माझ्या फुलाफुलांच्या गाऊनवरून ओरडा बसायचा, "तू कडेला बस, पोरीचे डोळे दुखतील." वैशालीने मला नावही ठेवलं होतं. चार बोटं आणि अंगठा चोचीसारखे उघडमीट करायची, म्हणजे बडबड! काय वाईट वाटून घेणार, खरंच होतं ते. आणखी एक खूण मी शिकले. मूठ तळहातावर आपटून तशीच धरायची, म्हणजे अडकलंय का? या लाइनवर तिची फारशी गरज पडायची नाही. पण काकू जरा विचारात पडून थांबल्या, की वैशाली घाबरून लगेच ती खूण करायची. काकू हसून बोटं नाचवायच्या, आहे बाई, आहे.

या दिवाळीच्या आधी एका दुपारी काकू जरा पडते म्हणाल्या, त्या उठल्याच नाहीत. डॉक्टर येऊन, बघून गेले. त्यांच्या ठाण्याच्या पुतण्याला फोन केला, तो शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये सापडला होता. वैशालीला मेसेज टाकायचा तर मी तो लिहायची आणि पुसायची. पोरीला आई गेल्याचं असं दोन शब्दांत कसं कळवायचं? तेवढ्यात संध्याकाळ झाली आणि टॅब वाजू लागला.

मी आधी उठून हॉलमधले सगळे दिवे लावले. का लावले, मला सांगता येणार नाही. मग टॅबसमोर उभी राहिले.

वैशाली हसली. बोटांची चोच उघडमीट केली, म्हणजे तू आज? मग आईची खूण करून तिने भुवया उंचावल्या. आई कुठाय?

माझे हात उचलेनात. जन्मभर बडबड करून माझ्यापाशी तिला सांगण्याजोगी एकही खूण नव्हती. मी नुसती उभी. ती वाट बघत राहिली. तिचं हसू कमी कमी होत गेलं. मग तिने हळूच मूठ तळहातावर आपटली आणि तशीच धरली.

अडकलंय का?

मी मान हलवली. नाही. आणि काकूंच्या त्या लाइनवर माझी हललेली मान तिला अगदी स्वच्छ दिसली.