मागे ठेवलेलं पाणी
मिठाच्या पाण्यात तुरीच्या शेंगा उकडायचा वास आला की मला आर्णीजवळच्या आमच्या बंजारा तांड्यातली एक दुपार आठवते. मी पुण्याहून सुट्टीवर आलो होतो आणि टीव्हीला पेनड्राइव्ह लावून अंतराळातल्या एका मालिकेचा पहिला सीझन हिंदीत बघत होतो. याडी, म्हणजे माझी आई, शेजारी बसून शेंगा सोलत होती. मालिकेतलं जहाज दूरच्या ग्रहांवर धान्य पोचवायचं, हे तिला एकदम पटलं होतं. तिचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरलेला. शेवटच्या भागात जहाजातली हवा कमी पडते, म्हणून एका म्हाताऱ्या बाईला ओसाड ग्रहावर उतरवून बाकीचे निघून जातात. याडीचा हात थांबला. "तिच्यापाशी पाणी ठेवलं काय त्याईनं?" मी म्हणालो, "ते नाई दाखवत, याडी." "काहून नाई दाखवत? आपल्यात मांगं राहणाऱ्याजवळ पाण्याचं मडकं ठेवल्याबिगर तांडा हालत नव्हता." दुसऱ्या दिवशी मी निघालो. घरात ती एकटीच उरणार होती. निघण्याआधी, कधी नव्हे ते, मी तिचा माठ भरून ठेवला. ती बघत होती. पुढच्या सीझनमध्ये ते जहाज त्या बाईला न्यायला परत येतं. परवा मी याडीला फोनवर तसं सांगितलं. तिनं विचारलं, "पुरलं काय तिले पाणी?" मी हो म्हणालो. मालिकेत तेही दाखवलेलं नाही.