गोणपाटावरचं सुकाणू

धक्क्यावरची माणसं मिस्त्रींना पाठीमागे 'तोफ' म्हणायची, आणि ते काही उगाच नव्हतं. राग कायम नाकावर. पण त्या सकाळी शेडमध्ये पाऊल टाकलं मात्र, आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आदल्या दिवशी त्यांनी डॉक्टरांच्या शिडाच्या होडीचं सुकाणू खोललं होतं. चाळीस वर्षांची एकच पद्धत: जो भाग निघेल तो गोणपाटावर, निघाल्या क्रमाने मांडायचा आणि जोडताना शेवटून उलटं यायचं. आता गोणपाट रिकामं होतं. धाकट्या बहिणीने सगळे भाग रॉकेलमध्ये धुऊन डब्यांत लावले होते, वायसर वायसरांत, खुंट खुंटांत, डाळी-कडधान्यं लावावीत तसे.

ही विधवा बहीण त्याच शेडमध्ये शिडं शिवायची. मिस्त्रींनी शेड डोक्यावर घेतली. सुईदोऱ्याशी मतलब ठेव म्हणाले, आसरा दिला त्याचे हे पांग फेडतेस का, असंही बोलून गेले. हे बोलायला नको होतं, ते तोंडातून निघतानाच त्यांना कळलं, आणि त्यामुळे ते आणखीच भडकले. बहीण मान खाली घालून टाके घालत राहिली.

खरं दुखणं वेगळंच होतं. मिस्त्रींना आता चष्म्यानेही धड दिसत नव्हतं. दीड वर्ष ते बोटांच्या आणि त्या गोणपाटाच्या जोरावर काम रेटत होते. बाहेर कळलं असतं तर शेडकडे कुत्रंही फिरकलं नसतं. सख्ख्या बहिणीलाही त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता. आणि दुपारी डॉक्टर दोन लहान मुलींना घेऊन होडी न्यायला येणार होते.

शिव्या घालत, एकेक तुकडा चाचपत त्यांनी सुकाणू जोडलं. कुठला खुंट कुठल्या कडीत घासला गेलाय ते बोटांना बरोबर कळत होतं. शेवटी राहिली खालची कॉटर पिन, दोन पायांची, काडीएवढी. ती खुंटाच्या भोकातून आरपार गेली, की लाटेने उचललं तरी सुकाणू निखळत नाही. मिस्त्रींनी ती ढकलली, पाय फाकवले, दांडा हलवून पाहिला. सुकाणू झकास फिरलं.

डॉक्टर आले. घेऊन जा, मिस्त्री ऐटीत म्हणाले. तेवढ्यात बहीण बाहेर आली आणि तिने परस्पर सांगून टाकलं की थोडं काम राहिलंय, तासाभराने या. डॉक्टर मुलींना घेऊन धक्क्यावर फिरायला गेले. मिस्त्री तिच्यावर उसळले.

"इथला मालक कोण, तू की मी?"

"दादा, पिन भोकात नाहीये. बाजूने गेलीय."

मिस्त्रींनी वाकून खुंट चाचपला.

"तू घरी गेलास की प्रत्येक काम मी बघून घेते. दीड वर्ष झालं," बहीण म्हणाली. "आज डबे मुद्दाम लावले. वाटलं, आता तरी विचारशील."

मिस्त्रींनी पक्कड भिरकावली. दीड वर्ष मला खुळ्यात काढलंस, म्हणून ते ओरडले. कोणी मुस्कटात मारली असती तरी त्यांना एवढं लागलं नसतं.

"आसऱ्याचं बोललास ना सकाळी?" तिचाही आवाज आता चढला. "शेड तुझ्या नावावर चालत असेल, दादा. पण माझ्या डोळ्यांवर चालतेय."

धक्क्यावरून मुलींचं हसणं ऐकू येत होतं. मिस्त्री गुडघ्यांवर बसले आणि जमिनीवर पक्कड चाचपू लागले. बहिणीने ती उचलून दिली नाही. त्यांना ती सापडेपर्यंत ती नुसती उभी राहिली.

वाकडी पिन त्यांनी उपसून फेकली, खिशातली नवी काढली.

"भोक कुठंय?"

तिने त्यांचं बोट धरून भोकावर टेकवलं. त्यांनी पिन ढकलली.

"आली पलीकडे?"

"नाही. जरा खाली." मग थोड्या वेळाने, "आली."

मिस्त्रींनी पिनचे पाय फाकवले. राग काही उतरला नव्हता, कानशिलं अजून तापलेलीच होती.

"आता वरची बघ," ते खेकसले.