सात दिवसांचं मौन

तुम्ही हसणार, हे धरूनच सांगते. उपासतापासात माझा हात धरणारं आमच्या लोणी गावात कुणी नाही, पण एका व्रतानं माझी जी फजिती झाली ना, ती त्या महादेवालाच ठाऊक!

झालं असं, की दळणाची यादी शोधताना सुनेची वही हाती लागली. आमची सुवर्णा, माहेर डिंभ्याचं. वहीत काय? ‘घटस्फोटाला किती दिवस लागतात? पोटगी कोण ठरवतं? माहेरचे दागिने परत मिळतात का? लहान मूल कुणाकडे राहतं?’

वही तशीच मिटून जागेवर ठेवली. माझ्या लेकानं, विकासनं, असं केलं तरी काय?

विचारायचं ना सरळ? पण मी पडले व्रतवाली! देवापुढं बसले, संकल्प सोडला. पोरांचा संसार टिकू दे, सात दिवस मौन धरते. आणि संकल्प बोलून दाखवला की फळ जातं, ही आमच्या आईची शिकवण. म्हणजे मौन आहे हेही सांगायचं नाही!

सकाळी सुवर्णा म्हणाली, “आई, चहा ठेवू?”

मी गप्प. तिच्याकडं पाहिलं आणि डोळे भरून आले, म्हणून तोंड फिरवलं.

“आई, माझं काही चुकलं का?”

मी आणखी फिरवलं.

तिसऱ्या दिवशी विकास पायाशी येऊन बसला. “आई, काय झालंय तुला? सुवर्णा डिंभ्याला जायचं म्हणतीय. बॅग काढलीय तिनं.”

बघा! माझी खात्रीच पटली. मौन कमी पडतंय म्हणून मीठही सोडलं. तिनं माझ्या आवडीची मेथी केली होती. मिठाची म्हणून मी ताटातली भाजी हळूच बाजूला सारली. पोरगी उठून आत गेली. मला वाटलं, संसाराच्या दुःखानं गेली. किती हुशार मी!

पाचव्या दिवशी शेजारची कमल दारात. “चला वैनी, देवळात वकीलबाई आल्यात. बचत गटाचं शिबिर हाय. लई मोठी गाडी घिऊन आल्यात!” हाताला धरून नेलंच तिनं.

सभामंडपात बायका दाटीवाटीनं बसलेल्या. उघड विचारायला लाजतात म्हणून चिठ्ठ्या डब्यात. वकीलबाईंनी पहिली उघडली, “पोटगी कोण ठरवतं?” म्हणाल्या, “कोर्ट ठरवतं. दोघांचं उत्पन्न बघून, गरज बघून. खटला चालू असतानाही मागता येते.” दुसरी चिठ्ठी दागिन्यांची. “माहेरचं स्त्रीधन बाईचंच.” तिसरी लहान मुलाची...

अगं बाई! वहीतलेच प्रश्न! सुवर्णा गटाची सचिव. गावच्या बायकांचे प्रश्न घरोघर फिरून तिनंच वहीत टिपून चिठ्ठ्यांवर उतरवलेले! माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. देवाला मनातल्या मनात लोटांगण घातलं.

तेवढ्यात शेवटची चिठ्ठी. “माझ्या सासूबाई पाच दिवस बोलत नाहीत. मला बघितलं की तोंड फिरवतात. मी केलेली भाजी ताटात सारून ठेवतात. त्यांना मी आईच मानते. मी माहेरी निघून जाऊ का?”

सगळ्या बायका हळहळल्या. मी तर आनंदात, त्यात जीभ पाच दिवसांची उपाशी! ताडकन उठले. “कशापायी जायचं त्या लेकरानं? त्या सासूलाच उभी करा! दगडाचं काळीज आहे का मेलीला? सोन्यासारखी पोर, आणि तिची भाजी सारते?”

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

कमल माझा पदर ओढत पुटपुटली, “वैनी, बसा खाली...”

आणि समोर सतरंजीवर बसलेली सुवर्णा मागं वळली. डोळ्यांत पाणी, ओठांवर हसू. “आई! तुमी बोललात!”

मौन मोडलं ते मोडलंच, पण तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. तोंड फिरवणारी कोण? भाजी सारणारी कोण?

वकीलबाई म्हणाल्या, “काकू, त्या सासूबाईंना ओळखता का तुम्ही?”

“ओळखते ना बाई,” मी पदर तोंडाला लावून म्हटलं. “इथंच उभी आहे. तिला आता सोडा, सुनेशी बोलत बोलत घरी जायचंय.”