माळ वरच होती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, माझ्या बहिणीलाही नाही — आणि बहिणीला तर मी आमटीत मीठ जास्त झालं तरी फोन करते. देवापुढे सांगायची एकदा वेळ आली होती. तिथे मी काय केलं ते पुढे येईलच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या दुकानात येऊन माझ्या तोंडाकडे बघणार नाही. म्हणजे बघा — कबूल करायलासुद्धा मी सोयीची जागा शोधली. दुकानदारीची सवय, दुसरं काय.

आमचं दुकान रत्नागिरीत, मांडवीकडे उतरणाऱ्या रस्त्याला. सासऱ्यांच्या वेळी ते फळीचं दुकान होतं — फळीच्या आत ते, बाहेर गिऱ्हाईक. डोक्यावर आडवी काठी, तिला शांपूच्या, सुपारीच्या पुड्यांच्या माळा लोंबायच्या. एकाखाली एक जोडलेल्या पुड्या, त्याला आम्ही माळ म्हणतो. मागितलं की सासरे कात्रीने एक पुडी कापून द्यायचे. पोरं खालून बोट दाखवायची, त्यापलीकडे त्यांना काही करता यायचं नाही.

सासरे गेले, ह्यांची नोकरी, दुकान माझ्याकडे आलं. मी फळी काढून टाकली. रॅक आणले, लोकांना आत फिरता येईल अशी वाट केली, काचेचा दरवाजा बसवला. मला फार हौस होती हो — आपलं दुकान पुण्या-मुंबईतल्यासारखं दिसावं. आणि एक दिवस वेफर्सच्या कंपनीचा माणूस नव्या तऱ्हेची माळ घेऊन आला. जाड तारेची, कमरेएवढी लांब, तिला दोन्ही बाजूंनी हूक. एकेका हुकात एकेक पाकीट अडकवायचं. मी ती सवयीने वर टांगायला गेले तर त्याने माझ्या हातातून घेतली आणि गल्ल्याच्या शेजारच्या रॅकला, पार खाली लावली. म्हणाला, "वैनी, आईच्या हाताला नको, मुलाच्या हाताला लागली पाहिजे. मूल धरतं, आई सोडवायला बघते, नाही सुटलं की घेते."

मी हसले. खरं सांगते, मला ते ऐकून आनंद झाला — जणू कुणी मला मंत्रच दिला.

जाताना त्याने आणखी एक सांगितलं होतं. खालचे हूक रिकामे ठेवू नका, बरं दिसत नाही. मुलं खालचंच काढतात, म्हणून ही माळ खालून रिकामी होते. सारखी भरत राहायची. मी पहिले काही दिवस भरली. मग कंटाळा यायला लागला. वाकायचं कोण? वरची पाकिटं आहेत ना, ती संपू देत, मग एकदमच भरू. रिकामा हूक म्हणजे काय असतो? बोटभर उघडी तार, टोक जरासं वर वळलेलं. आणि तो असतो कुठे — हे तेव्हा माझ्या डोक्यात यायला हवं होतं की नको? पोराच्या हाताशी. म्हणजे पोराच्या तोंडाशी.

सुगंधा म्हणून एक होती. होती काय, आहे. नवरा मच्छीमारी बोटीवर, ही मासे विकायची. बाजारात तिची ठरलेली जागा होती, गिऱ्हाइकं नावाने तिला शोधत यायची. आमच्याकडे यायची तेव्हा टोपली बाहेर पायरीवर ठेवायची, दुकानात वास नको म्हणून. मी कधी सांगितलं नव्हतं, तिचं तिलाच. बरोबर लेक, तन्वी. नुकती बालवाडीत जायला लागलेली. तिला मी रोज त्या माळेपाशी बघायचे आणि मनात म्हणायचे, धर, धर. एकदा सुगंधा हसत हसतच म्हणाली, "वैनी, ही माळ जरा वर घ्या ना. पोरांका दुसरा काय दिसतच नाय मग." मी म्हटलं, बघते.

काय बघितलं मी? काहीही नाही.

ती दुपारची वेळ होती. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. नवीन साबण आले होते, मीच सुगंधाला हाक मारली — ये गं, वास घेऊन बघ. तिने लेकीचा हात सोडला तो माझ्या हाकेने. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. ती साबण नाकाशी नेत होती, आणि माझं तोंड त्या बाजूला होतं, म्हणून मी बघितलं. पोरीने मधलं पाकीट ओढलं. ते निघेना, म्हणून दोन्ही हातांनी ओढलं. पाकीट फाटून हातात आलं आणि ताणलेली माळ सुटून, खालच्या उघड्या हुकांसकट, उलटी तिच्या तोंडावर आली.

मी ओरडले का? नाही. मी नुसती बघत होते. ओरडली ती पोरगी.

सुगंधाने तिला उचललं, पदर डोळ्यावर दाबला आणि धावत सुटली. रस्त्यावर रिक्षा मिळाली. मी दारापर्यंत गेले. बरोबर जायला हवं होतं ना? दुकानाला कुलूप घालायला कितीसा वेळ लागतो? पण मी आत आले. सगळ्यात आधी फरशीवरचे डाग पुसायला हवे होते, तेही मी नंतर पुसले. आधी काय केलं ते ऐका. मी माळ काढली. स्टुलावर चढले. आणि ती रॅकच्या वरच्या फळीला, माझ्या डोक्याच्याही वर, टांगली. खालचे हूक पाकिटांनी भरले. मग मला वाटलं — एवढ्या वर पोर पोचणार कशी? म्हणून तांदळाचा कट्टा — भरलेलं पोतं — जो मी एरवी गड्याशिवाय हलवत नाही, तो ओढत ओढत माळेखाली आणून ठेवला. तुम्ही म्हणाल, घाबरलेलं माणूस भांबावतं. नाही हो. मी भांबावले नव्हते. इतक्या नीटपणे मी दुकान कधी लावलं नव्हतं.

सुगंधाचा दीर आला. तापट माणूस, दारातूनच आवाज चढवत आला. मी माळेकडे बोट दाखवलं. त्याने हात वर करून उंची पाहिली, कट्ट्याकडे पाहिलं, आणि त्याचा आवाज उतरला. मी म्हटलं, "माळ वरच होती. सुगंधाच मागे म्हणाली होती, वर घ्या म्हणून, तेव्हाच घेतली. पोर कट्ट्यावर चढली. मी गिऱ्हाइकाकडे बघू की पोरांकडे?"

दुकानात गिऱ्हाईक एकच होतं — तिची आई.

बघितलंत? नुसतं खोटं बोलून मी थांबले नाही. सुगंधाने चांगल्या मनाने सांगितलेली गोष्ट मी उचलली आणि तिच्याच गळ्यात बांधली. पुढचे कितीतरी दिवस मी वाट बघत होते की ती येईल आणि म्हणेल, वैनी, खोटं काय बोलता, माळ खाली होती. चोराच्या मनात चांदणं. दाराची काच हलली की मी आधी पायरीकडे बघायचे. काय उत्तर द्यायचं ते मी पाठ करून ठेवलं होतं. आणि ती आली. पायरीवर उभी राहिली, आत आली नाही. डोळे सुजलेले. म्हणाली, "वैनी, तुमी माजा ऐकून माळ वर घेतलीत, आणि माजाच लक्ष नव्हता. तुमाला उगाच त्रास."

त्या दुपारी तिची माळेकडे पाठ होती; दिराने घरी जाऊन सांगितलं तेच तिने खरं धरलं, आणि माझी माफी मागितली. मी काय म्हणाले? म्हणाले, असू दे गं.

असू दे!

सुगंधाच्या घरचे पोरीला मुंबईच्या डॉक्टरांनाही दाखवून आले. डोळा राहिला जागेवर, नजर गेली. त्या डोळ्याने तन्वीला उजेड कळतो, माणूस कळत नाही. घरात सगळ्यांनी सुगंधाला धारेवर धरलं — साबणाचा वास घेत होती म्हणे, पोर मेली असती तरी कळलं नसतं. साबणाचं त्यांना कुणी सांगितलं? मीच. नवरा चांगला होता, पण तोही महिनोन्‌महिने तिच्याशी धड बोलला नाही. तिने बाजार सोडला. सासूने सोडायला लावला. आता पोरीवर लक्ष ठेव, म्हणाली. तिची जागा दुसरीने घेतली. घरात बसून ती कोलंबी सोलायची, दुसऱ्यांची.

मग शिमगा आला. आमच्याकडे शिमग्यात देवाची पालखी घरोघर येते, अंगणात बसते, घरातलं जे काही दुखणं-खुपणं असेल त्याचं गाऱ्हाणं गुरव देवापुढे घालतो. जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला "होय महाराजा" म्हणायचं. नुसती रीत नाही ती, साक्षच असते. सुगंधाच्या अंगणात पालखी आली तेव्हा शेजारीपाजारी म्हणून आम्हीही गेलो. न जाऊन कसं चाललं असतं? लोक काय म्हणाले असते? ती पोरीला पुढ्यात घेऊन बसली होती, डोक्यावर पदर. गुरवाने सुरू केलं — "बा देवा महाराजा, ह्या लेकराच्या आयशीच्या हातून काय नजरचूक झाली असंल, ती पोटात घाल —"

सगळे म्हणाले, होय महाराजा.

माझ्यापुरतं तरी मी गप्प बसायला हवं होतं. तेवढं जमण्यासारखं होतं. ओठ मिटून घ्यायचे, एवढ्या घोळक्यात कुणाला कळलं असतं? पण मला वाटलं, कळेल. वाटलं, मी नाही बोलले तर देव नाही, हे शेजारी माझ्याकडे वळून बघतील. म्हणून मी बोलले, आणि मोठ्याने बोलले. माझा आवाज बाकीच्यांच्या वर गेलेला मला ऐकू आला. सुगंधाने वळून माझ्याकडे बघितलं — मायेने. वैनी माझ्यासाठी देवाला साकडं घालतात, असं तिला वाटलं असणार. त्या दिवसानंतर पालखी आमच्या अंगणात आली की मी चहाच्या निमित्ताने आत जाते.

त्यानंतर माझ्या दुकानात एकही माळ खाली लागली नाही. कंपनीची माणसं येतात, विनवतात, वैनी, विक्रीला मारताय. मी ऐकत नाही. गावात माझं नाव झालं आहे त्यामुळे. दुसऱ्यांच्या दुकानात जाऊन आया सांगतात, त्या वैनींचं बघा, दुसऱ्याच्या पोरासाठी कानाला खडा लावला. माझ्या तोंडावर माझं कौतुक होतं आणि मी ते घेते. सुट्ट्या पैशांसारखं, न मोजता गल्ल्यात टाकते.

तन्वी आता नववीत आहे. हुशार आहे, बोलकी आहे, मला काकी म्हणते. उजवीकडून काही दिलं तर पूर्ण मान वळवून घेते. मी लक्षात ठेवून डावीकडून देते. हा माझा चांगुलपणा! इतकी वर्षं एवढंच करत आले.

मग आता का सांगते आहे? गेल्या आठवड्यात एक झालं, म्हणून.

दोघी मायलेकी दुकानात होत्या. एक नवी सून आली होती, कडेवर मूल, ते वरच्या माळेकडे हात करत होतं. तिने विचारलं, एवढ्या वर का हो लावता? मी तोंड उघडायच्या आत सुगंधा म्हणाली. अजूनही ती असंच सांगते, सगळ्यांना, सरळ — वैनींची माळ तेव्हाही वरच होती, माझंच लक्ष नव्हतं, पोरीला सांभाळ गं बाय. मी पिशवीत साखर भरत होते. भरतच राहिले.

तेवढ्यात तन्वीने आईच्या खांद्यावर हात टाकला. म्हणाली, "आई, किती वेळा गं तेच? तुझा काय दोष त्यात? मीच चढलेले ना कट्ट्यावर. मला आठवतंय सगळं. तो कट्टा पायाखाली कसा घसरला, ते पण आठवतंय."

आठवतंय, म्हणाली. आईचं ओझं थोडं स्वतःकडे घ्यावं म्हणून नव्हे. तिला खरंच आठवतं. लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं आहे तिने. मी ओढत आणलेला तो कट्टा तिच्या पायाखाली घसरतो. सुगंधाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. हो म्हणून.

ती कट्ट्यावर कधीच चढली नव्हती. ती फरशीवर उभी होती, दोन्ही पाय जमिनीवर. मी बघत होते.