डॉनची आई

आमच्या अंगणात सिनेमा सांगायचा मान माझा होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचा सगळा जळफळाट कशापायी झाला ते कळेल.

सोलापूरच्या पूर्व भागात आमच्यासारख्या तेलुगू घरांतल्या बायका विड्या वळतात. दुपारी आमच्या अंगणात लिंबाच्या सावलीला शेजारपाजारच्या सगळ्या आपापलं सूप मांडीवर घेऊन बसतात. मोबाईल आता प्रत्येकीकडे आहे, पण विडी वळताना डोळे पानावर आणि बोटं तंबाखूत. पडदा बघायला सवड कुणाला? मोकळे असतात ते फक्त कान. म्हणून एकीने रविवारी सिनेमा बघायचा आणि पुढे आठवडाभर बाकीच्यांना सांगायचा, ही आमची जुनी रीत. माझ्याआधी सासूबाई सांगायच्या. त्यांचे दात गेले, शब्द निसटायला लागले, तेव्हा त्यांनी ते काम माझ्याकडे दिलं. पाटल्या धाकट्या सुनेला दिल्या. मला त्याचं फारसं वाटलं नाही. पाटल्या काय, कुणीही घालतं.

आणि मी सांगायचेही चोख. पडद्यावर जे, तेच माझ्या तोंडी. हिरोच्या शर्टाचा रंग चुकला तर मी थांबून दुरुस्त करायचे. सासूबाई मान खाली घालून ऐकायच्या, मधूनमधून "हं" म्हणायच्या. त्या "हं"वर माझा आठवडा निघायचा.

मग दोन घरं सोडून एक नवी सून आली. माहेर अक्कलकोटचं, घरात दखनी उर्दू बोलणारी, भाऊ दुबईला ड्रायव्हर. पहिले सात-आठ महिने गप्प बसून वळायची. एका सोमवारी माझ्याकडे सांगायला सिनेमा नव्हता, रविवारी पाहुणे आले होते. तेव्हा ती म्हणाली, "अक्का, मैं एक बोलूं क्या? भाईजान भेजे. पर पाकिस्तान की है."

एक-दोघींनी सुपातून मान वर केली. मला आत कुठेतरी बरं वाटलं, म्हटलं आता हिला गप्प बसवतील. पण सासूबाई म्हणाल्या, "मारामारी हाय का? हसायला येतंय का? मग सांग की."

सिनेमा असा होता. लग्नात बिर्याणी करणारा एक भित्रा आचारी. एका डॉनची हिऱ्यांची पिशवी चुकून त्याच्या डेगीत पडते. मग डॉनची माणसं त्याच्या मागे, पोलीस त्याच्या मागे, आणि हा डेग डोक्यावर घेऊन पळतोय. इथवर ठीक. असले सिनेमे मी ढीगभर सांगितलेत. पण त्यात डॉनची आई होती. ऐन गोळीबारात ही म्हातारी दार उघडून बाहेर यायची आणि विचारायची, जेवलात का रे? आधी हात धुवा, मग मारा एकमेकांना. गुंड आणि पोलीस पिस्तुलं चपलांशेजारी ठेवून नळाला रांग लावायचे. रांगेत कुणी घुसला तर म्हातारी त्याचा कान पिळायची. नवी सून हे सगळं अर्धं दखनीत, अर्धं मराठीत सांगायची, आणि म्हातारीचा आवाज काढताना तिच्या हातातली विडी जराही ढिली व्हायची नाही.

सासूबाई हसल्या. बोळकं उघडं टाकून, सूप सांभाळत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं. माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते त्या दिवशी संध्याकाळी जेवतानाही थांबलं नाही.

बातमी पसरली. पलीकडच्या गल्लीतल्या बायका सूप घेऊन आमच्या अंगणात यायला लागल्या. सावली पुरेना, एक-दोघी उन्हात बसल्या. माझ्या सिनेमाला कधी कुणी उन्हात बसलं नव्हतं. वर ही कौतुकाने सांगायची की तिकडे तो सिनेमा तुफान चाललाय, दुबईत भावाला पहिल्या आठवड्यात तिकीटसुद्धा मिळालं नाही. मी वळलेल्या विड्या त्या आठवड्यात तपासायला गेल्या तेव्हा नेहमीपेक्षा जास्त बाद झाल्या.

मी कॉलेजात जाणाऱ्या माझ्या मुलीला म्हटलं, बघ गं, या सिनेमाबद्दल पेपरवाल्यांनी काय लिहिलंय. तिने फोनवर शोधलं आणि हसत हसत वाचून दाखवलं. एकजात सगळ्यांनी झोडपला होता. कथेत दम नाही, विनोद शिळे, मारामारी उगाच लांबवलेली, लोक एवढी गर्दी का करतात ते कळत नाही. शेवटचं वाक्य तर मला माझ्याच मनातलं वाटलं. कुठल्या तरी परक्या देशात बसून कुणीतरी माझी बाजू घेत होतं. त्या रात्री झोप छान लागली.

दुसऱ्या दिवशी अंगणात मी ते सगळं सांगितलं. जाणत्यांच्या मते सिनेमा टाकाऊ आहे, असं ठासून सांगितलं. नव्या सुनेचा चेहरा उतरला. सासूबाई दोऱ्याची गाठ मारत म्हणाल्या, "पेपरवाल्यांस्नी काय कळतंय? त्यांस्नी फुकट दावत्यात. तू सांग गं, म्हातारी काय म्हनली?"

म्हातारीने तेव्हा कहर केला होता. डॉन आणि आचारी दोघांना तिने स्वयंपाकघरात कोंडलं, बाहेरून कडी लावली आणि म्हणाली, आता माझं ऐकल्याशिवाय कडी निघायची नाही. इथे नवी सून थांबली. इंटरव्हल, म्हणाली.

आणि त्याच आठवड्यात ती बाळंतपणाला अक्कलकोटला गेली. जाताना माझ्याकडे येऊन तिने सिनेमा माझ्या फोनवर टाकला. "अक्का, आगे का तुम बोलो. तुमारे जैसा मेरेकू नै आता." हे ती मनापासून म्हणाली. तिला खोटं बोलताही येत नाही, याचाही मला राग आला.

रविवारी मी दार लावून सिनेमा बघितला. पहिल्यापासून शेवटपर्यंत. पेपरवाल्यांचं खरं होतं. गाड्या उलटतात, माणसं उडतात, आचारी उगाच किंचाळतो. आणि डॉनची आई? डॉनच्या घरात भिंतीवर त्याच्या मेलेल्या आईचा एक फोटो आहे. डॉन एकदा त्याच्यासमोर उभा राहून दुवा मागतो. संपलं. हात धुवायची रांग नाही, कान पिळणं नाही, कडी नाही. मी मागे नेऊन पुन्हा बघितलं. फोटोच.

इतके दिवस मी एका सिनेमावर जळत होते, आणि तो सिनेमा नव्हताच. त्या पोरीने एका फोटोला फ्रेमबाहेर काढून आमच्या अंगणात बसवलं होतं. सिनेमावर जळणं सोपं असतं, तो दूर असतो. आता मला दोन घरं सोडून राहणाऱ्या बाईवर जळायचं होतं, आणि ते फार जवळ होतं.

तरी म्हटलं, चला, जागा परत मिळाली. सोमवारी अंगण भरलं होतं. मी नेहमीसारखा चोख सिनेमा सांगितला. गाड्या सांगितल्या, उड्या सांगितल्या, हिरे शेवटी कुणाला मिळाले तेही सांगितलं.

"आन म्हातारी?" एकीने विचारलं.

"म्हातारी न्हाईच त्यात," मी म्हटलं. "मेलेली हाय. भितीवर फोटू हाय नुसता."

मी कमरेचा फोन काढून पुढे धरला, पण सगळ्यांचे हात कामात होते, कुणी मान वर केली नाही. मग सासूबाई, घरात माझ्याशी तेलुगूच बोलणाऱ्या सासूबाई, सगळ्यांना ऐकू जाईल अशा मराठीत म्हणाल्या, "तुला समजला न्हाई त्यो सिनेमा. ऱ्हाऊ दे. ती आली की सांगंल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी फोन खोचला आणि विडी वळायला घेतली. रागाने दोरा दोनदा तुटला. पण त्या रागातही डोक्यात एकच घोळत होतं, की त्या दोघांना स्वयंपाकघरात कोंडून म्हातारी पुढे करणार काय? तो सिनेमा शेवटपर्यंत बघितलेली त्या अंगणात मी एकटीच होते, आणि अक्कलकोटहून तिचं बाळंतपण आटोपल्याचा निरोप कधी येतो, याची सगळ्यांत जास्त घाई मलाच झाली होती.